साध्या काचेवर काय दिसले

मित्रांनो, मला लांबचे अजिबात दिसत नाही. दारातून कोण आले, खिडकीबाहेर ऊन आहे की ढग, असे मला विचाराल तर मी सपशेल नापास होईन. पण तुमच्या रक्ताचा थेंब काचेवर घ्या, ती काच माझ्यासमोर ठेवा आणि मग विचारा. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला एक प्रयोगशाळा आहे, तिथे माझे सारे आयुष्य गेले. माझ्या बोलण्यात थोडा गर्व वाटला, तर तो आहेच. ज्याची नजर चांगली त्याने नम्रतेचे सोंग कशाला आणायचे?

माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. कोणी माझ्या नळीला डोळा लावला की तेवढा डोळा मला दिसतो, पापण्यांसकट. बाकी सारा कारभार कानांवर. कान माझे तिखट आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका वयस्क कारागिराने माझे मुख्य भिंग घासले. थोडे घासायचा, प्रकाशापुढे धरायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." पुन्हा घासायचा, पुन्हा धरायचा. "अजून नाही." मी जगात ऐकलेले पहिले शब्द हेच. तेव्हा मला त्याचा राग यायचा. पुढे प्रयोगशाळेत आल्यावर कळले की घाईने "झालं" म्हणणाऱ्यांपेक्षा "अजून नाही" म्हणणारी माणसेच जास्त उपयोगाची असतात.

भुशाने भरलेल्या खोक्यातून मी इथे आलो. मला बाहेर काढले ते मोठ्या बाईंनी. तेव्हा त्या मोठ्या बाई नव्हत्या, नुसत्याच बाई होत्या, नव्याने नोकरीला लागलेल्या. नंतर त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या आणि हाताखाली दुसऱ्या बाई आल्या, म्हणून त्या मोठ्या आणि या छोट्या. वास्तविक छोट्या बाई मोठ्या बाईंपेक्षा वीतभर उंच आहेत. माझ्यासमोर बसताना त्या दर वेळी स्टूल खाली करतात आणि मोठ्या बाई आल्या की ते पुन्हा वर होते. त्या स्टुलाची मला दया येते.

तिसरे फुंकरमामा. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशी कुणीतरी पुकारते, तेवढेच. काचेवर पेशी पसरवायचे काम मामांचे. नळीतले पेशींचे पाणी हात उंच धरून थेंबाथेंबाने काचेवर सोडायचे आणि थेंब पडला रे पडला की त्यावर हलकी फुंकर घालायची. फुंकर जोरात पडली तर पेशीतले सगळे घरदार सोडून पांगते. कमी पडली तर गुंता होऊन बसतो. मामांची फुंकर मात्र नेमकी. "मामांना घरी कधी गरम चहा प्यायला मिळत नाही, कपापुढे आले की फुंकरच सुटते," असे छोट्या बाई म्हणतात.

आता मी काय बघतो ते सांगतो. तुमच्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत फार लांब आणि फार बारीक धागे असतात. त्यांना डीएनए म्हणतात. तुमचे नाक आईसारखे का आणि केस आजोबांसारखे का, याचा सगळा मजकूर त्या धाग्यांवर असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी हे धागे गुंडाळून त्यांच्या आटोपशीर लडी होतात. त्या लडी म्हणजे गुणसूत्रे. ती मला स्वच्छ दिसतात.

हे धागे रोज तुटतात. दचकू नका! उन्हाने तुटतात, धुराने तुटतात आणि काहीच केले नाही तरी शरीराच्या रोजच्या धावपळीत तुटतात. तरीही तुम्ही ठणठणीत आहात, कारण प्रत्येक पेशीत दुरुस्ती करणाऱ्यांची एक फौज असते. कोणी तुटलेली टोके शोधून काढतो, कोणी बिघडलेले अक्षर खोडून तिथे योग्य अक्षर घालतो, कोणी टोकाला टोक जुळवतो. ना त्यांचा भोंगा वाजतो, ना ते कधी सुट्टी मागतात. निरोगी माणसाचेही मोडते, मित्रांनो. ते वेळच्या वेळी सांधले जाते म्हणून तो निरोगी.

ही फौज लंगडी पडली की रोग डोके वर काढतो. गंमत अशी की, डॉक्टर याच लंगडेपणाचा उपयोगही करून घेतात. कर्करोगाच्या काही पेशी दुरुस्तीत एका पायाने अधू असतात. आता अशी औषधे निघाली आहेत की ती त्यांची उरलेली कुबडी काढून घेतात. निरोगी पेशी दोन पायांवर तग धरते, रोगट पेशी कोसळते. कोणत्या रोग्याला असे औषध लागू पडेल, हे आमच्याच प्रयोगशाळेतल्या पलीकडच्या खोलीत शोधतात. मला ते ऐकून माहीत आहे.

माझ्या वाट्याला आली ती ब्रेकेज टेस्ट, म्हणजे धागे किती तुटतात ते बघायची तपासणी. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन भाग करायचे. एकात एक खास औषध घालायचे, दुसरा तसाच साधा ठेवायचा. ते औषध धाग्याचे दोन पदर एकमेकांना चिकटवून टाकते. निरोगी पेशी तो चिकटा सोडवते आणि धागा पुन्हा नीट करते. ज्या पेशीला ते जमत नाही, तिची गुणसूत्रे तुटतात आणि भलत्या तुकड्याला भलताच तुकडा जोडला जाऊन चार हातांची विचित्र आकृती तयार होते. तीन दिवस उबेत वाढवून मग पेशी काचेवर येतात. शेजारी एखाद्या परक्या, धडधाकट माणसाचे रक्तही तसेच वाढवायचे. तुलनेला कोणीतरी हवे ना!

हे तुलनेचे रक्त प्रयोगशाळेतली माणसे पाळीपाळीने द्यायची. "आज बळीचा बकरा कोण?" असे मामा सकाळी विचारायचे आणि ज्याची पाळी असेल तो मुकाट बाही वर करायचा. नंतर काचांवरची नावे कागदाच्या पट्टीने झाकायची आणि दोघांनी दोन सूक्ष्मदर्शकांवर वेगवेगळे बघायचे. "नाव वाचलं की डोळे लबाडी करतात," असे मोठ्या बाईंचे म्हणणे.

माझेही दिवस फिरले होते, बरे का. एकदा एक नवा सूक्ष्मदर्शक आला. त्याच्या डोक्यावर कॅमेरा आणि शेजारी भला मोठा पडदा. खिडकीजवळची माझी जागा त्याला मिळाली आणि मी नळाशेजारच्या टेबलावर गेलो. सुरुवातीला कोणी ना कोणी माझे आवरण काढून बघत असे. मग त्या आवरणावर हातमोज्यांची खोकी येऊन बसली. ओलसर हवेने माझ्या भिंगावर बुरशी धरली. फोकसची चाकी आखडली. सामानखात्याचा कारकून माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाला, "हे धूड भंगारात काढा. जागा तरी होईल."

"दोघांनी बघायचं म्हटल्यावर मायक्रोस्कोप दोन लागतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुरुस्तीवाल्याला बोलवा."

दुरुस्तीवाला आला. त्याने माझी चाकी उघडली, आतले सुकून चिक्कट झालेले ग्रीस खरवडून काढले, नवे भरले, भिंगावरची बुरशी नाजूक हाताने पुसली. "यात मोडलंय काय? काहीच नाही," तो म्हणाला. "फक्त कुणी लक्ष दिलं नाही." मला अगदी भरून आले. मी पुन्हा खिडकीजवळ गेलो, नव्याच्या शेजारी. तो पडद्यावर दाखवतो, मी डोळ्यात दाखवतो. आमचे बरे चालले आहे.

आणि मग चिमी आली.

चिमी सहा वर्षांची होती. घरात सगळे तिला चिमीच म्हणायचे, म्हणून आम्हीही. तिच्याबरोबर आई, बाबा आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा. आई कपडे शिवायची. बाबा बस चालवायचे. त्यांचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही, खिशातला चाव्यांचा जुडगा तेवढा वाजायचा. चिमीच्या अंगावर काहीही न लागता काळेनिळे डाग उठत होते आणि नाकाचे रक्त थांबता थांबत नव्हते. हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होते, तिथली मज्जा सुकत चालली होती.

डॉक्टरांनी ठरवले होते की तिची जुनी मज्जा काढून टाकायची आणि दादाची घालायची. दादाची जुळली होती. पण जुनी मज्जा काढायला आधी जबर औषध द्यावे लागते आणि डॉक्टरांच्या मनात एक शंका होती. चिमीचे अंगठे जरा बारीक होते आणि पाठीवर कॉफीच्या रंगाचे चट्टे होते. धाग्यांचा चिकटा सोडवता न येण्याचा एक आजार असतो, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा. चिमीला तो असेल तर नेहमीच्या मापाचे औषध तिला सोसणार नव्हते, कारण तेही धागे चिकटवणारेच. रोगाच्या आधी औषधानेच तिचा जीव गेला असता. आजार आहे की नाही, ते मला सांगायचे होते.

शेजारच्या खोलीत रक्त काढताना मी ऐकत होतो.

"दुखणार?" चिमीने विचारले.

"मुंगी चावल्यासारखं," मामा म्हणाले.

"मुंगी चावली की मी रडते."

"मग रड की. आम्ही कुठं अडवलंय?"

ती रडली नाही. मामांच्या बोलण्याने तिला हसू आले. दादा शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "मी देणार आहे चिमीला. माझं जुळलंय. माझं रक्त तिच्यात गेलं की ती माझं ऐकणार."

"स्वप्नं बघ," चिमी म्हणाली.

आता तुलनेच्या रक्ताचा प्रश्न आला. पाळी छोट्या बाईंची होती, पण त्या तापाने घरी होत्या. मोठ्या बाई परगावी परिषदेला गेल्या होत्या आणि मामांनी स्वतः आदल्याच आठवड्यात दिले होते. दाराशी मामांची चुळबूळ सुरू झाली.

"काय झालं?" आईने विचारले. मामांनी सांगितले.

"एवढंच ना? मग दादाचं घ्या की! दगडासारखा आहे तो. साधी सर्दी होत नाही त्याला."

नियम परक्या माणसाचा होता. मामांना तो तोंडपाठ होता. पण समोर एक धट्टाकट्टा पोरगा आधीच बाही वर करून उभा होता, तोही ऐटीत. मामांनी त्याचे घेतले.

तीन दिवसांनी मामांनी हात उंच धरला, थेंब सोडले, फुंकर घातली. छोट्या बाई बऱ्या होऊन आल्या होत्या. पट्ट्यांनी नावे झाकून दोघे बसले, त्या नव्यावर, मामा माझ्यावर. औषध घातलेल्या काचा आधी बघायच्या, अशी पद्धत होती, कारण खरे उत्तर त्यांतच असते.

मी आयुष्यात तुटलेले पुष्कळ पाहिले आहे. पण एकाच काचेवर इतके क्वचितच. पहिल्या काचेवर एकही गुणसूत्र धड नव्हते. टोके लोंबत होती, चार हातांच्या आकृत्या जागोजागी. मामांनी दुसरी काच लावली. तिथेही तेच. मग दोघांनी जागा बदलल्या आणि पुन्हा पाहिले.

"मामा, दोन्हीकडे सारखंच दिसतंय मला," छोट्या बाई म्हणाल्या.

"मलाही. पट्ट्या काढा."

पट्ट्या काढल्या. एक काच चिमीची, एक दादाची.

"दादाचंही तुटलंय?" मामांनी सुस्कारा सोडला. "मग औषधाचाच हात जड पडला. माझ्याच हातून जास्त गेलं असणार. टेस्ट फुकट गेली, बाई."

हे पटण्यासारखेच होते. तुलनेचा माणूसही तुटला, म्हणजे दोष औषधाचा. या कामात मुरलेला कोणीही तसेच म्हणाला असता. औषध न घातलेल्या साध्या काचा मात्र पेटीतच पडून होत्या. त्या मला कोणी दाखवल्या नव्हत्या आणि बोलता येत नाही हे दुःख मला त्या दिवशी फार झाले.

तेवढ्यात डॉक्टर स्वतःच आले. त्यांचा श्वास जिना चढून फुलला होता.

"मला आज उत्तर पाहिजे. काल पुन्हा तिच्या नाकातून रक्त आलं. खोली मिळालीये, भाऊ तयार आहे."

"टेस्ट फसली, डॉक्टर," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी हातातले कागद खळखळ चाळले. मग म्हणाले, "तर मग मी उद्या नेहमीच्या मापानं सुरू करतो. दादाच्या तपासणीत बाकी कुठं काही खोट नाही, आणि माझी शंका ती शंकाच. नुसती वाट बघत बसलो तरी पोर हातची जाईल."

मित्रांनो, त्या क्षणी चिमीचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो वाचवणारी गोष्ट माझ्यापासून हातभर अंतरावर पेटीत पडली होती.

दारात चपला वाजल्या. मोठ्या बाई परिषदेहून थेट आल्या होत्या, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"साध्या काचा बघितल्या?"

मामा चाचरले. "अजून नाही."

"मग टेस्ट फसली असं कुणी ठरवलं?" बाईंनी पिशवी टेबलावर टाकली. "आणा इकडं. नावं झाकूनच आणा."

त्या माझ्यासमोर बसल्या. स्टूल वर झाले. त्यांच्या डाव्या डोळ्यात कोपऱ्याला एक बारीक लाल शीर आहे, ती मला पाठ आहे. साधी काच लागली आणि आम्ही दोघांनी मिळून बघायला सुरुवात केली. ही पेशी ठीक. ही ठीक. इथे एक टोक तुटलेले. ही ठीक. इथे पुन्हा तुकडा. आणि इथे, चार हात! औषधाच्या काचेइतकी दाटी नव्हती, पण साध्या काचेवर हे नसतेच. दुसरी साधी काच लागली. तिथेही तसेच. बाईंच्या डोळ्याची पापणी बराच वेळ लवली नाही.

"मामा, या दोन काचांना औषध घातलं होतं?"

"नाही, बाई. साध्या आहेत त्या."

"मग हे कुणी तोडलं?"

छोट्या बाईंनी पट्ट्या काढल्या. एक चिमीची, एक दादाची.

"दोघांनाही?" डॉक्टरांनी विचारले. "पण तो तर ठणठणीत आहे."

"आज आहे. या आजारात काहींचं उशिरा बाहेर येतं. तुलनेला आपण धडधाकट माणूस घेतला असं आपल्याला वाटलं, तिथंच फसलो." बाई उठल्या. "पण डॉक्टर, एवढ्यावर मी सही करणार नाही. दोघांचं रक्त पुन्हा लावायचं. तुलनेला माझं घ्या. तीन दिवस लागतील."

"तीन दिवस..." डॉक्टर म्हणाले. "बाहेरचं रक्त देऊन काढतो. काढतोच."

मामांनी सुई घेतली. त्या दिवशी "बळीचा बकरा कोण" असे कोणी विचारले नाही.

तीन दिवसांनी पुन्हा माझ्यासमोर काचा आल्या. मोठ्या बाईंची गुणसूत्रे त्यांच्या स्वभावासारखीच निघाली, ताठ आणि जागच्या जागी. औषध पचवून बसली होती. चिमीची तुटलेली होती. दादाचीही तुटलेली होती. आता शंकेला जागा नव्हती. आणि मी छातीठोकपणे सांगतो, मित्रांनो, त्या दिवशी मला वाईट वाटले तितकेच बरेही वाटले. जे दिसते त्याच्याशी दोन हात करता येतात.

मोठ्या बाईंच्या खोलीत तेवढ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना आमच्याकडेच बसवून सांगितले. आई मध्येच म्हणाली, "थांबा. म्हणजे चेनचे दात अडकतात तसं का? अडकलेली चेन हळूच सोडवली तर ठीक, पण ओढली की कापडच फाटतं."

"अगदी तसंच," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोडवायचं काम करणारं यांच्या अंगात नीट नाही. तुम्हा दोघांकडं एकेक बिघडलेली प्रत आहे, पण दुसरी चांगली असल्यानं तुमचं कधी अडलं नाही. मुलांकडं मात्र दोन्हीकडून बिघडलेलीच आली. यात कुणाचा दोष नाही."

"आणि मी? मी कधी देणार चिमीला?" दादा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला सांगितले, हळू आवाजात, पण काहीही न लपवता. त्याची मज्जा चिमीला चालणार नव्हती. त्यात तोच दोष होता.

दादाचा आवाज एकदम लहान झाला. "मग मी तिला देणार काय?"

मामांना उगाच खोकला आला. मोठ्या बाई खुर्ची ओढून दादाजवळ गेल्या. "हे बघ. तुझं चिमीच्यात गेलं असतं तर तुम्ही दोघंही संकटात सापडला असता. तू बाही वर केलीस म्हणून तुझंही आत्ताच कळलं, काही व्हायच्या आत. तिला द्यायचं म्हणतोस ना? मग ठरल्या वेळी येऊन स्वतःला तपासून घे आणि तिच्याबरोबर मोठा हो. भाऊ म्हणून तिला तूच पाहिजेस."

"तो माझं काही ऐकत नाही," चिमी म्हणाली, "पण पाहिजे."

चाव्यांचा जुडगा वाजायचा थांबला. बाबा बोलले. "माझं चालेल का?"

"तुमचं निम्मंच जुळतं," डॉक्टर म्हणाले. "पण निम्म्यावरही आता करता येतं. औषध मात्र एकदम कमी मापाचं, तिला सोसेल असं. आधी तुमचं तपासू."

बाबांचे रक्त माझ्यासमोर आले. नावावर पट्टी होती, पण निरोगी गुणसूत्रे कशी असतात ते मला ओळखू येते. औषध सोसून सगळी धड उभी होती. छोट्या बाईंनी पट्टी काढली आणि मामा मोठ्याने म्हणाले, "बस सुटली!"

पुढचे महिने सोपे नव्हते. चिमीचे केस गेले, तोंडात फोड आले, तापाने तिला हैराण केले. हे सगळे मी कानांनीच भोगले, कारण आई रोज बोळातून जाताना मामांना बातमी सांगायची. पण माप बरोबर होते. तिने सोसले.

वर्षभराने तिचे रक्त पुन्हा माझ्याकडे आले. आता मला एकच गोष्ट शोधायची होती. पुरुषाच्या पेशीत एक इवलेसे गुणसूत्र असते, ते मुलीच्या पेशीत नसते. वाय म्हणतात त्याला. चिमीच्या रक्तात पूर्वी ते नव्हतेच, कुठून असणार? मोठ्या बाईंनी काच लावली. पहिल्या पेशीत ते होते. दुसऱ्या पेशीत होते. तिसऱ्यातही. एका मुलीच्या रक्तात तिच्या बापाचे इवलेसे गुणसूत्र प्रत्येक पेशीत ठाण मांडून बसले होते, आणि एकही धागा तुटलेला नव्हता.

"पोर बापावर गेली हो!" मामा ओरडले.

काम अजून संपलेले नाही. चिमीच्या रक्तातली दुरुस्ती आता पक्की झाली, पण कातडी आणि तोंड तिचे स्वतःचेच आहे. तिथे जुना दोष राहणार. तिला उन्हापासून जपावे लागते, धुरापासून लांब राहावे लागते, तोंड आणि घसा दाखवायला यावे लागते. दादाची मज्जा अजून टिकून आहे. तोही न चुकता येतो आणि बाही वर करताना आता ऐट करत नाही. कधी गरज पडली तर काय करायचे, कोणत्या मापाने करायचे, हे आधीच ठरलेले आहे.

वाय सापडले त्याच दिवशी चिमी म्हणाली, "मला बघायचंय." मामांनी तिला उचलून स्टुलावर उभे केले. माझ्या नळीत एक नवा डोळा आला, मोठा, काळा, औषधाने गळून नव्याने उगवलेल्या पापण्यांचा. इतकी वर्षे मी माणसांचे डोळे बघत आलो आहे, असा डोळा मला पुन्हा दिसलेला नाही.

"हे एवढुसं काय आहे?" तिने विचारले.

"ते तुझ्या बाबांचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता तुझ्यात राहतं."

तिने डोळा आणखी जवळ आणला. मग वळून म्हणाली, "बाबा, इकडं या. तुम्ही दिसताय."

चाव्या वाजत वाजत जवळ आल्या. बाबांना कोणता डोळा मिटायचा ते कळेना. शेवटी एक लाल झालेला, जागरणाने सुजलेला डोळा माझ्यासमोर येऊन थांबला. त्यांना काय दिसले कोण जाणे. थोड्याच वेळात त्या डोळ्यात पाणी साचले आणि एक थेंब माझ्या काचेवर पडला.

मित्रांनो, काचेवर थेंब राहिलेला मला चालत नाही. त्याने डाग पडतात, बुरशी धरते. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याचे भिंग काम झाल्याबरोबर मऊ कागदाने पुसा. चाकी आखडली तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि हे फक्त आमच्यासारख्यांपुरते समजू नका. मोडणे कोणाला चुकलेले नाही, पण सांधण्याची वेळ चुकवू नका, आणि सांधता येत नसेल तर वेळेवर दाखवायला लाजू नका. उत्तर दिसत नाही म्हणून हात टेकायच्या आधी, पेटीत राहिलेली साधी काचही एकदा बघून घ्या.

मामांना माझी काळजी. बाबांचा डोळा नळीवरून हलायच्या आतच ते मऊ कागद घेऊन लगबगीने पुढे आले.

मोठ्या बाईंनी मामांचा हात धरला. "अजून नाही," त्या म्हणाल्या.